अर्धं कौलांचं, अर्धं पत्र्याचं

भाई, तुला जाऊन सव्वा महिना झाला आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलोच आहे. लोक भेटायला येतात, हात हातात घेतात, 'चुलत असून सख्ख्यासारखे होतात' असं म्हणतात, आणि मी मान हलवतो. मनात मात्र त्या वेळी तुझ्याशी कौलांवरून भांडत असतो. तुझ्या बाराव्याला पंगत उठल्यावर ओट्यावर टेकलो आणि नजर वर गेली, तर आढ्याजवळचं एक कौल सरकलेलं. पहिला विचार आला, भाईला सांगायला हवं. दुसरा आला, नको, सांगितलं की हा या उन्हात शिडी लावील आणि मला ती धरून उभं करील. तिसरा विचार यायला जरा वेळ लागला. मग उठून मागच्या दारी गेलो आणि उगाच पाय धुवत बसलो.

तीस वर्षं मी तुला ओरडत होतो की तू एक दिवस छपरावरून पडणार. सत्तरी आली तरी चैत्र संपत आला की तू माकडासारखा वर. एकेक कौल उचलायचास, झाडायचास, फुटकं बाजूला काढायचास, कौलांखालची कुजलेली रीप, ती लाकडी पट्टी, बदलायचास आणि पुन्हा ओळ लावायचास. अख्खी वाडी माणसं लावून दोन दिवसांत घर शाकारून मोकळी व्हायची. तुझी शाकारणी पंधरा दिवस चालायची. आणि शेवटी गेलास कुठून? जमिनीवरून. खुर्चीत बसल्या बसल्या. तीस वर्षांच्या माझ्या ओरडण्याला तू तेवढीसुद्धा किंमत दिली नाहीस.

आपलं घर तरी कसलं, सांग. आजोबांनी बांधलेलं लांबच लांब, एका आढ्याखालचं. वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली. धामापूरच्या अंगाचं अर्धं तुझ्या बापाला आणि मालवणच्या अंगाचं माझ्या बापाला. भिंत गेली माळ्याच्या उंचीपर्यंत. त्यावरचं छप्पर कोणाला वाटून घेता आलं नाही, म्हणून ते एकच राहिलं. तू खोकलास की मला ऐकू यायचं. माझ्या घरी बांगड्याचं कालवण शिजलं की वहिनी तिकडून माझ्या बायकोला विचारायची, 'सुलूबाय, तिरफळां घातलंस मां?' असल्या घरात दोघांनी छपराबद्दल दोन मतं ठेवायची म्हणजे काय ते फक्त आपल्यालाच माहीत.

माझं मत काही हवेतलं नव्हतं. वांदर आठवतात ना? फणस पिकायला लागले की पंधरा-वीस जणांचा कळप तुझ्या आढ्यावरून धावत यायचा आणि माझ्या पाख्यावर, छपराच्या माझ्या उतारावर, उड्या मारायचा. तुझी कौलं शाबूत, माझी फुटायची. तू म्हणायचास, 'ते तुका वळखतत.' मला हसू यायचं नाही. नोकरी मालवणला, सकाळची गाडी पकडून जायचं, दिवेलागणीला परत. माझ्याकडे पंधरा दिवस कौलांशी गप्पा मारायला वेळ नव्हता. निवृत्त झालो आणि पहिलं काम केलं ते हे. माझ्या अर्ध्यावरची कौलं उतरवली आणि निळे पत्रे घातले.

पत्रे बसवायला आलेला मेस्त, आपला सुतार, तेव्हाच म्हणाला होता, 'अर्धी कौलां नि अर्धे पत्रे? असा छप्पर मी जल्मात करूक नाय.' मी म्हटलं, आता कर. त्याने डोकं खाजवलं, सांध्यावर वरपासून वळचणीपर्यंत एक पन्हळ बसवली आणि बजावलं, 'ही दर वरसा साफ करूक होयी हां. फणसाचो पालो अडाकलो तर पाणी दोघांच्या घरात.' मी हो हो म्हटलं. तू ओट्यावर बसून सुपाऱ्या सोलत होतास. चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

त्या चार दिवसांत तू जे केलंस त्यावरूनही माझं डोकं फिरलं होतं. उतरवलेली कौलं मी फणसाखाली ढीग करून टाकली होती. वाडीतल्या कोणालाही न्या म्हणून सांगितलं होतं, वाटेच्या खड्ड्यात भरा म्हणून सांगितलं होतं. तू एकेक उचललीस, घासलीस आणि गोठ्यामागे उभी रचून ठेवलीस. मी म्हटलं, 'माझी कौलां स्वतःसाठी जमवतस काय?' तू म्हणालास, 'तुका काय करूचा आसा?' मग आठ वर्षं ती रास तिथेच. तिच्यात धामण राहायला आली. सुलू तिकडे जायला घाबरायची. मी दर वर्षी म्हणायचो, ती रास हलव. आणि तू, घरामागे कौलांची रास पडलेली असताना, दोन वर्षांमागे टेम्पो घेऊन कुठे गेलास? खारेपाटणला! तिथे कोणाचं तरी जुनं घर पाडत होते, तिथली कौलं आणायला. तीही अर्धी वाटेत फुटली. त्या दिवशी मी ओट्यावरून खाली उतरून, पूर्ण वाडीला ऐकू जाईल असा ओरडलो होतो, की माझ्या भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय. तू टेम्पोवाल्याला सांगत होतास, 'हळू ठेव रे, कडो फुटतल्यो.'

बरं, पत्र्याच्या विरुद्ध तू कधी धड वाद घालायचास का? नाही. तुझा वाद देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यातून. शाकारणी सुरू करायच्या दिवशी अंगणात नारळ ठेवायचास, हात जोडायचास आणि सुरू. आम्ही सगळे मागे उभे, दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला. पहिली दोन वाक्यं बापजाद्यांपासून चालत आलेली. मग तुझी सुरू व्हायची.

'बा देवा म्हाराजा, ह्या छप्पर तू आजवर राखलंस, तसाच अवंदाय राख म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा.'

'जा काय कौल फुटला, रीप कुजली, तां तुझी लेकरां सांदून घेतत, तेंका बळ दी म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा.'

'आणि ह्या सुभाषाच्या डोक्यात जो पत्रो शिरलो आसा, तो खंय तरी वाटेक लाव म्हाराजा.'

आता देवापुढे उभा राहून मी काय करणार? बाकीचे सगळे जोरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचे, आणि सुलूचा आवाज सगळ्यांत मोठा. मलाही ओठ हलवावे लागायचे. आठ वर्षं मी देवासमोर स्वतःविरुद्ध साक्ष दिली आहे, भाई. एवढा अन्याय कोणत्याही कोर्टात होत नसेल.

आणि एक गोष्ट. ती मी तुला कधी बोललो नाही, आता बोलतो. पत्रा तापतो. होळी झाली की सकाळी दहापासून तापतो. बारा वाजता तो कडकड वाजायला लागतो आणि दोन वाजता घरात भाकरी भाजता येईल असं वाटतं. पंखा लावला की वरची गरम हवा खाली येते, एवढंच. वांदर यायचे थांबले नाहीत, फक्त आता ते नाचले की ढोल वाजल्यासारखं वाजतं. सुलू पहिल्याच वर्षी म्हणाली होती, 'अवो, वर झापां तरी घाला.' माडाच्या झावळ्या विणून पत्र्यावर टाकल्या की जरा निवतं, हे मलाही ठाऊक आहे. पण झापं घातली की तू बघणार. वरच्या वाडीतल्या गुरुजींनी स्लॅब घातला, तो तापला आणि गळला, मग स्लॅबवर पत्र्याची शेड घातली, तेव्हा आपण दोघं मिळून किती हसलो होतो. त्या हसण्याच्या पंगतीत मला बसायचं नव्हतं.

म्हणून मी दोन वाजता पेपर घेऊन तुझ्याकडे यायचो. 'भाई, तुझो पेपर आयलो काय? माझ्यात एक पान कमी आसा.' रोज एक पान कमी. तू नुसतं 'येय' म्हणायचास. मागच्या दारासमोर, जिथून झुळूक येते तिथे, आरामखुर्ची आधीच मांडलेली असायची. डोक्यावर कौलं, कौलांच्या फटींतून वारा आणि काचेच्या त्या एका कौलातून जमिनीवर पडलेला उजेडाचा तुकडा. पहिलं पान उलटायच्या आत मला झोप लागायची. चार वाजता वहिनी चहा ठेवायची आणि तू मोठ्याने विचारायचास, 'काय रे, काय बातमी?' एकदाही, आठ वर्षांत एकदाही तू म्हणाला नाहीस की पत्रा तापतो म्हणून इथे येतोस. म्हणाला असतास तर भांडता आलं असतं. हे असं गप्प राहून माणसाला उपकारात ठेवायचं, ही तुझी जुनी खोड.

त्या दिवशी सकाळी आपलं झालंच होतं. तू शिडीला सुंभ बांधत होतास. मी म्हटलं, 'भाई, पुरे झाला आता. अवंदा तू पण पत्रे घाल. वय बघ तुझा.' तू वर न बघता म्हणालास, 'ये मगे दुपारी, सांगतंय तुका.' मी दुपारी पेपर घेऊन आलो. खुर्चीत तू बसला होतास. माझ्या खुर्चीत. आणि मी, भाई, मी चिडून म्हणालो, 'ऊठ. ती माझी जागा.' दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदा तर पेपराने खांद्यावर मारलं.

ते शब्द मी कोणाला सांगितलेले नाहीत. सुलूलाही नाही. आणि तू काय सांगणार होतास, ते तर आता मला कोणीच सांगणार नाही.

तुझं सगळं उरकून प्रसाद पुण्याला परत गेला. गुणी मुलगा आहे तुझा, पण माझाच पुतण्या शोभतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. 'काका, बाबांच्या बाजूलाही पत्रे घालून टाका. पाऊस तोंडावर आलाय, आईला आता दर वर्षी कोण शाकारून देणार? सोमवारी मेस्तांना बोलवा. सगळं एकसारखं होऊन जाईल.' प्रत्येक शब्द बरोबर होता. आठ वर्षं मी हेच म्हणत होतो. मी वहिनीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'तुमका बरा दिसता तां करा, भावजीनू. तुमचोच छप्पर आता.'

म्हणजे मी जिंकलो, भाई. तुझ्या अर्ध्यावरसुद्धा पत्रा येणार. आणि जिंकल्यावर ओट्यावर बसून मी विचार करत होतो की पुढच्या वर्षी दुपारी दोन वाजता वहिनी कुठे जाईल. मी कुठे जाईन ते सोडून दे. त्या बाईचा जन्म त्या कौलांखाली गेला. तिला त्या तव्याखाली मी ठेवायचं, आणि का, तर मला भांडणात जिंकायचं होतं?

तरी रविवारी मापं घ्यायला मी वर चढलो. आठ वर्षांत पहिल्यांदा. सुलू खाली शिडी धरून तुझ्या-माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत होती. वर पोचलो आणि सांध्याजवळ बसलो. पन्हळ बघितली. त्या पन्हळीला मी आठ वर्षांत हात लावलेला नाही हे मला ठाऊक. वर एवढा थोरला फणस. आणि पन्हळीत या चार-दोन महिन्यांत पडलेली मूठभर पानं, बस्स. खाली पत्रा स्वच्छ. एका वाश्याला सुंभाने बांधून ठेवलेला झिजका खराटा. मग पत्र्यावर नजर गेली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर डांबराचा काळा ठिपका. उन्हाने खालचं रबर सुकून फाटतं आणि तिथूनच पत्रा गळायला लागतो, हे मेस्ताने तेव्हा सांगितलेलं मला त्या क्षणी आठवलं. एकही ठिपका चुकलेला नाही. माझ्या अख्ख्या पाख्यावर.

आठ वर्षं मी नाक्यावरच्या हॉटेलात चहा पिताना सांगत होतो, 'पत्रो म्हणजे एकदा घालूचो नि इसरूचो. हात लावूक नको.' तू शेजारच्या बाकावर बसून बशीत चहा ओतत ऐकत होतास. एकदा तर मानसुद्धा हलवलीस! मला किती खोटं पाडलंस तू, आणि तेही मला कळू न देता. खाली उतरलो तो रागाने तडक तुझ्या दारी. सुलूला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं.

वहिनीला जाऊन विचारलं, हे कधी करायचा हा?

'तुमी चेडवाकडे मुंबैक गेल्यात काय ते शिडी लायत. चार दिस तेंचा ताच काम.'

म्हणजे आम्ही लेकीकडे गेलो की, आमच्या पाठीमागे. 'मग माका सांगाक काय झालेला?'

'सांगल्यार भांडण झाला असता,' वहिनी म्हणाली. 'तुमका भांडूक कौलां होती, तितकी पुरे झाली म्हणत.'

मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तुमच्या बाजूची दहा-बारा कौलं फुटलेली दिसली, निदान मेस्ताला सांगून गोठ्यामागच्या राशीतली लावून घेऊ. ती चटकन उठून उभी राहिली.

'ती नको, भावजीनू. ती तुमची. तेंका हात लावूक देय नसत ते कोणाक. म्हणान तर खारेपाटणाक गेलेले. म्हणत, सुभाष एक दिस कौलांवर परत येतलो, तेव्हा तेची तेका मिळाक होयी. आता तसली कौलां खंय येतत?'

भाई, मला सांग, असं कोणी करतं? माणूस रागाने टाकून देतो, तर देऊ दे की टाकून! आठ वर्षं तू वाट बघत बसलास. धामणीसकट माझी कौलं सांभाळलीस. मी तुला वाडीदेखत वेडा म्हणत होतो तेव्हा एक शब्द बोलला असतास, तर मी जीभ आवरली असती. नसती आवरली, ठीक आहे. पण संधी तरी दिली असतीस. आता मी कोणाजवळ कबूल करू? पेपराने मारलेल्या खांद्याला काय सांगू?

सोमवारी मेस्त आला. सोबत त्याचा जोडीदार. मेस्ताने खिशातून टेप काढली आणि विचारलं, 'बोला, पत्रे खंयचे घालूचे?'

मी म्हटलं, 'पत्रे नको. भाईची कौलां शाकारून घेवया. नि पाऊस सरलो काय माझे पत्रे काढूचे. रिपा नव्यो लागतल्यो. कौलां आसत.'

'खंय आसत?'

'गोठ्यामागे.'

प्रसादला संध्याकाळी फोन केला. तो म्हणाला, 'काका, तुम्हीच म्हणत होतात ना?' मी म्हटलं, हो, मीच म्हणत होतो. आईला दर वर्षी कोण शाकारून देणार, म्हणाला. मी म्हटलं, मी आहे ना. मग म्हणाला, 'काका, पडू नका हां.' तेव्हा मला हसू आलं आणि लगेच नाकात पाणी आलं. पण हे नंतरचं. सकाळचं राहिलंच.

सकाळी शिडी लावली आणि मेस्त थांबला. 'गाऱ्हाणां घालूक होया,' म्हणाला. वहिनीने न सांगता नारळ आणून अंगणात ठेवला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता भाई, मी जन्मात कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. मला येतं ते फक्त 'व्हय म्हाराजा'. तुझी पहिली दोन वाक्यं एवढी वर्षं ऐकली, ती कशीबशी म्हटली, त्यातही छपराचं आणि लेकरांचं उलटसुलट झालं. मेस्ताने आणि जोडीदाराने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मग माझ्याबद्दल बोलायची जागा आली. जिथे तू माझं नाव घ्यायचास, तिथे. हात जोडलेले, डोक्यावर ऊन, पलीकडे माझा पत्रा सकाळीच कडकडायला लागलेला. आणि माझ्या तोंडून आलं,

'बा देवा म्हाराजा, माझो पत्रो तापता म्हाराजा. पयल्या दिसापासून तापता. मी ह्या भाईक कधी सांगलंय नाय.'

मेस्ताने जोडीदाराकडे बघितलं. दोघांनाही कळेना, यावर काय म्हणायचं. सुलू पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, आता कोणीच काही बोलणार नाही आणि मी हात जोडून असाच उभा राहणार.

तेवढ्यात तुझ्या दारातून वहिनीचा आवाज आला, चांगला खणखणीत.

'व्हय म्हाराजा!'